वाफसा, वीज आणि बिनचालकाचा ट्रॅक्टर

मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की हिंगोली जिल्ह्यात ट्रॅक्टरची ओढाताण सुरू होते. इथले रान काळे, भारी. उन्हाळ्यात ते भेगाळते आणि पाऊस पडला की फुगते, चिकट होते, चाकांना लगडते. या दोन टोकांच्या मध्ये मोजके दिवस असे मिळतात की माती मुठीत दाबली तर बसते आणि बोट लावले तर मोकळी होते. तोच वाफसा. पेरणी त्यातच उरकावी लागते. सेनगावपासून वसमतपर्यंत सगळ्यांचा वाफसा थोड्याफार फरकाने एकाच वेळी येतो, त्यामुळे ट्रॅक्टरही सगळ्यांना एकाच वेळी हवा असतो. ट्रॅक्टर मिळाला तर त्यावर बसणारा कसलेला माणूस मिळत नाही, माणूस मिळाला तर तो आधीच चार ठिकाणी शब्द देऊन बसलेला असतो. पुन्हा पाऊस झाला की रान चिबडते आणि सगळे थांबते.

विजेवर चालणाऱ्या आणि स्वतःच वाट काढणाऱ्या वाहनांची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या मोटारींभोवती फिरते. मला वाटते, महाराष्ट्रात या वाहनाची पहिली खरी जागा शेतात आहे. हे नुसते वाटणे नाही, त्यामागे यंत्रशास्त्राची भक्कम कारणे आहेत.

रस्ता हे बिनचालक वाहनासाठी सर्वांत अवघड ठिकाण. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संस्थेने २००४ साली मोहावीच्या वाळवंटात बिनचालक मोटारींची शर्यत ठेवली होती. सुमारे २४० किलोमीटरची वाट होती. सर्वांत पुढे गेलेले वाहन जेमतेम १२ किलोमीटरवर अडकले. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅनली’ या मोटारीने २०० किलोमीटरहून अधिक अंतर सात तासांच्या आत पार केले. तिथून या विद्येने मोठा पल्ला गाठला. तरीही अचानक समोर येणारी दुचाकी, उलट्या दिशेने येणारी ट्रॉली, रस्त्यात बसलेले जनावर या गोष्टी तिला आजही जड जातात. २०२३ साली केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी नागपुरात सांगून टाकले की बिनचालक मोटारींना आपण भारतात परवानगी देणार नाही. चालकांच्या रोजगाराचा प्रश्न त्यांनी पुढे ठेवला होता.

शेताची गोष्ट वेगळी. त्याला बांध असतो. आत येणारी वाहने ठरलेली असतात. पेरणीचा वेग तासाला चार-पाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीइतका. धोका दिसल्यावर जागच्या जागी थांबणे हे रस्त्यावर कधी कधी अपघाताला आमंत्रण ठरते. शेतात तेच सर्वांत सुरक्षित वागणे असते.

ठाणे-मुंबई परिसरातील ऑटोनेक्स्ट ऑटोमेशन या कंपनीने हे ओळखले. कौस्तुभ धोंडे या मराठी अभियंत्याने २०१६ साली ती उभी केली. विजेवर चालणारा आणि पुढे चालकाविनाही चालू शकेल असा ट्रॅक्टर घडवायचा, हा तिचा ध्यास. तिच्या ‘एक्स ४५’ या ट्रॅक्टरच्या नावातच त्याची ताकद आहे: ४५ अश्वशक्ती, म्हणजे आपल्याकडे नांगरट, रोटाव्हेटर आणि ट्रॉली या तिन्ही कामांना सर्रास वापरला जाणारा गट. २०२५ साली ठाण्याच्या परिवहन कार्यालयात राज्यातल्या पहिल्या ई-ट्रॅक्टरची नोंदणी झाली, ती याच कंपनीच्या ट्रॅक्टरची.

विजेने नांगरायची कल्पना मात्र फार जुनी आहे. १८७९ साली फ्रान्समधल्या सेर्मेझ गावी, एका साखर कारखान्याच्या परिसरात, क्रेतियें आणि फेलिक्स या दोघांनी विजेच्या मोटारीने दोराला बांधलेला नांगर शेतातून ओढून दाखवला. घरोघरी विजेचा दिवा पोचण्याच्याही आधीची ही गोष्ट. वीज तारेतून आणावी लागत असल्याने तो प्रयोग बांधाच्या पलीकडे जाऊ शकला नाही. १९५९ साली अमेरिकेतल्या अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीने तार तोडली: १,००८ इंधनघट (फ्युएल सेल) बसवलेला, सुमारे १५ किलोवॉट शक्तीचा ट्रॅक्टर तिने शेतात चालवून दाखवला. तोही नमुनाच राहिला. दोन्ही ठिकाणी अडचण एकच होती. मोटार उत्तम होती, पण तिला लागणारी वीज सोबत कशी न्यायची हे सुटलेले नव्हते.

ही अडचण आजही पुरती सुटलेली नाही, आणि ती आकड्यांत पाहिल्याशिवाय या ट्रॅक्टरचे मोल कळत नाही. एक किलो डिझेलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. एक किलो बॅटरीत, तिच्या पेटीसकट धरली तर, ०.१५ युनिटच्या आसपास. फरक ८० पटींचा. दिलासा असा की डिझेलचे इंजिन त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णता आणि धूर करून टाकते; शेतातल्या कामात जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत आणि अवजारापर्यंत पोचतो. विजेची मोटार ८५ टक्क्यांच्या वर काम काढते. म्हणजे ८० पटींचा फरक प्रत्यक्षात ३० पटींच्या खाली येतो. तरी तो फरक आहेच. ४५ अश्वशक्ती म्हणजे साधारण ३३ किलोवॉट. ट्रॅक्टर पूर्ण जोरात दहा तास चालवायचा म्हटला तर ३३० युनिट लागतील आणि तेवढी बॅटरी दोन टनांहून जड भरेल, खुद्द ट्रॅक्टरएवढी. म्हणून विजेच्या ट्रॅक्टरमध्ये छोटी बॅटरी बसवतात आणि मध्ये चार्जिंगची सोय धरतात. प्रत्यक्षात कोणताही ट्रॅक्टर दिवसभर पूर्ण जोरात चालत नाही. पेरणी, कोळपणी, फवारणी ही हलकी कामे. खोल नांगरट आणि रोटाव्हेटर ही वीज खाणारी कामे.

वजनाचीही एक चांगली बाजू आहे. मोटारीत जड बॅटरी म्हणजे ओझे. ट्रॅक्टरला मात्र वजन लागतेच. नांगर ओढताना पुढचा भाग उचलला जाऊ नये म्हणून शेतकरी पुढे लोखंडी वजने टांगतात, चाके जागेवर फिरू नयेत म्हणून टायरमध्ये पाणी भरतात. बॅटरी हे काम आपोआप करते. पण काळ्या रानात याला लगेच मर्यादा येते, कारण ओलसर मातीवरून जड चाक गेले की खालचा थर दबतो, मुळे आणि पाणी दोन्ही अडतात. विजेचा ट्रॅक्टर हिंगोलीत आणणाऱ्याने ही गोष्ट पहिल्या दिवसापासून मोजली पाहिजे.

चालकाविना चालवायचा ट्रॅक्टर विजेचाच का बरा, याचे उत्तर मोटारीच्या स्वभावात आहे. डिझेल ट्रॅक्टर चालवणारा माणूस कानाने आणि पायाने चालवतो. इंजिनचा आवाज जड झाला की तो ओळखतो की नांगर खोल रुतला, मग क्लच दाबतो, गिअर बदलतो, लिफ्ट थोडी उचलतो. संगणकाला हे शिकवायला खूप जोडकाम करावे लागते. विजेच्या मोटारीत मात्र ओढ आणि विद्युतप्रवाह यांचे सरळ नाते असते. किती प्रवाह वाहतो आहे हे क्षणाक्षणाला मोजता येते, त्यावरून मातीचा विरोध कळतो, आणि प्रवाह बदलला की ओढ त्याच क्षणी बदलते. शून्य वेगालाही मोटार पूर्ण जोर लावू शकते, त्यामुळे अडलेल्या जागेवरून निघताना क्लच घासण्याची वेळ येत नाही. चाक जागेवर फिरू लागले तर तेही लगेच ध्यानात येते.

स्वतःहून स्वतःला सावरणारे यंत्र आपल्या शेतकऱ्याला परके नाही, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे. हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या अभियंत्याने तीन सांध्यांवर अवजार जोडायची जी रीत काढली, ती १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि आज गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरमागे दिसते. नांगर टणक थरात गेला की वरच्या दांड्यावर दाब वाढतो, तो दाब हायड्रॉलिकची झडप हलवतो, नांगर किंचित वर उचलला जातो. थर मऊ लागला की पुन्हा खाली बसतो. चालकाने हातही लावलेला नसतो. मोजायचे, चूक ओळखायची, तेवढीच दुरुस्ती करायची, आणि हे न थांबता करत राहायचे. औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी जी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे, २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने जिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या टोकांचे आरसेही याच तत्त्वावर जागच्या जागी धरले जाणार आहेत. तिथली बारकाई अणूच्या गाभ्याहूनही सूक्ष्म, इथली बोटभर. नियंत्रणाची विद्या एकच. एका जिल्ह्यात या विद्येची दोन्ही टोके पाहायला मिळावीत, याचा मला अभिमान वाटतो.

सरळ तास धरणे ही पुढची पायरी. मोबाइलमधल्या जीपीएसची चूक काही मीटरची असते. सोयाबीनच्या दोन ओळींत अंतर असते ४५ सेंटिमीटर. एवढ्या चुकीने ट्रॅक्टर चालला तर पाच-सात ओळी तुडवल्या जातील. यावरचा उपाय असा: ज्या ठिकाणाचा अक्षांश-रेखांश पक्का ठाऊक आहे तिथे एक स्थिर केंद्र ठेवायचे. उपग्रहाच्या संदेशानुसार त्या केंद्राची जागा किती चुकली ते केंद्र स्वतःच मोजते आणि ती चूक जवळपासच्या यंत्रांना कळवते. शिवाय संदेशाच्या मजकुराऐवजी त्याच्या लाटेचीच मोजणी केली जाते. ती लाट असते सुमारे १९ सेंटिमीटर लांबीची. तिचा अंश मोजला की २० हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून जमिनीवरची जागा दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत कळते. भूमी अभिलेख खात्याचे मोजणीदार हल्ली शेतात जो रोव्हर घेऊन येतात, तो याच पद्धतीने बांधाची खूण दाखवतो. ज्या केंद्रांच्या जाळ्यावर जमिनीची मोजणी होते, त्याच प्रकारच्या जाळ्यावर ट्रॅक्टरचे तासही धरता येतात.

याचा सर्वांत मोठा उपयोग मला रुंद वरंबा-सरी पद्धतीत दिसतो. सोयाबीनची पेरणी सपाट रानात न करता रुंद वरंब्यावर तीन-चार ओळी आणि दोन्ही बाजूंना सरी, अशी केली की जास्तीचा पाऊस सरीतून निघून जातो आणि पावसाने ताण दिला तर वरंब्यात ओल टिकते. मराठवाड्याच्या लहरी पावसात ही रीत उजवी आहे, आणि कृषी विभागाने तिचा पुष्कळ प्रसार केला. अडते ते चालकाच्या हातावर. पहिली सरी वाकडी गेली की सगळे रान वाकडे जाते, पुढे कोळपणीला ओळी सापडत नाहीत. यंत्राने पेरणीच्या वेळची वाट लक्षात ठेवली तर कोळपणी, फवारणी त्याच सरीतून, त्याच चाकोरीने करता येते. जड चाक दर वेळी त्याच सरीतून गेले तर वरंब्याची माती दबत नाही. मघाशी वजनाची जी भीती सांगितली, तिला हे चांगले उत्तर आहे.

या विद्येचे एक केंद्र हिंगोलीच्या शेजारीच आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर हा भाग परभणी जिल्ह्यातच होता. आणि परभणीला १९७२ पासून मराठवाड्याचे कृषी विद्यापीठ आहे, आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. तिथे भारतीय कृषी संशोधन परिषद आणि जागतिक बँक यांच्या साहाय्याने राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पात यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने यांचा शेतीतला वापर या विषयाचे खास प्रगत केंद्र उभे राहिले. मराठवाड्यासारख्या कोरडवाहू भागातल्या विद्यापीठाने हा विषय निवडला ही मोठ्या दूरदृष्टीची गोष्ट आहे. शेतकऱ्याची मुले तिथे यंत्रमानवाचा हात जोडायला, ड्रोन उडवायला, संवेदक लावायला शिकली. चालकाविना चालणारे यंत्र बिघडले तर ते दुरुस्त करणारा माणूस जवळ हवा, आणि तो अशाच ठिकाणी घडतो.

आता अडचणीची बाजू. राज्यातले सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. त्यातही तुकडे. अमेरिकेतल्या जॉन डिअर कंपनीने २०२२ साली जो बिनचालक ट्रॅक्टर दाखवला, त्याला चारी दिशांना पाहायला कॅमेऱ्यांच्या सहा जोड्या आहेत आणि तो मैलोन्‌मैल सरळ चालतो. आपल्याकडे शंभर पावलांवर धुरा येतो आणि वळावे लागते. धुऱ्यावर बाभूळ, कोपऱ्यात कठडा नसलेली विहीर, मध्येच विजेचा खांब आणि त्याची जमिनीत पुरलेली ताणतार, कोणी तरी पसरून ठेवलेले ठिबकचे नळ. दुपारी झाडाच्या सावलीत माणूस निजलेला असतो. तूर उंच झाली की तिच्यात उभे असलेले मूल कॅमेऱ्याला दिसणार नाही. लेझरने अंतर मोजायचे म्हटले तर धुळीत त्याची किरणे विखुरतात. म्हणून शेताच्या नकाशात विहीर, शेततळे आणि खांब आधी आखून त्यांच्याभोवती मोकळे अंतर सोडलेच पाहिजे, ट्रॅक्टरवर हाताने दाबायचे थांबण्याचे बटण हवे, आणि पहिली काही वर्षे बांधावर एक माणूस उभा हवा. एक माणूस दोन-तीन यंत्रांवर नजर ठेवू शकला तरी वाफशाच्या दिवसांत ते फार मोठे काम होईल. आज स्टिअरिंगवर बसणाऱ्या गड्यालाच हे काम आधी शिकवावे, असे माझे ठाम मत आहे. माती त्याला कळते.

लहान रानासाठी लहान यंत्र हा दुसरा मार्ग. येवला तालुक्यातल्या अंदरसूलचे तुकाराम सोनवणे आणि सोनाली वेल्हाळ या अभियंता दांपत्याने कृषिगती ही कंपनी काढून ‘इलेक्ट्रिक बुल’ नावाचे यंत्र बनवले. बैल सांभाळणे परवडत नाही आणि मोठा ट्रॅक्टर पिकाच्या ओळीत शिरत नाही, हा पेच त्यांनी गावात पाहिला होता. एका माणसाने चालवायचे, अरुंद, विजेवरचे हे वाहन पेरणी, कोळपणी, फवारणी करते. चालकाविना चालण्याची विद्या अशा हलक्या यंत्रावर बसली तर हिंगोलीला ती मोठ्या ट्रॅक्टरहून लवकर उपयोगी पडेल, असे मला वाटते. हलके यंत्र चुकले तरी नुकसान थोडे, बॅटरी छोटी, आणि ओल्या रानावर दाब कमी.

चार्जिंगचे गणित गावातल्या विजेवर अवलंबून आहे. घरच्या सिंगल फेजच्या १६ अँपिअरच्या प्लगमधून तासाला साडेतीन युनिटच्या आसपास वीज घेता येते. ३० युनिटची बॅटरी भरायला रात्र जाते. थ्री फेज असेल तर हे काम दोन-तीन तासांत होते, पण शेतातली थ्री फेज लाईट दिवसरात्र नसते, पाळीने येते, आणि हंगामात भार वाढला की डीपी जळते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीच्या वाहिन्यांना दिवसा सौर वीज देण्याचे जे काम चालू आहे, ते विजेच्या ट्रॅक्टरलाही पोषक ठरेल. मात्र ऊन आणि ट्रॅक्टरचे काम दोन्ही दिवसाचेच. यावर बदलत्या बॅटरीची सोय करता येते: एक शेतात, एक शेडमध्ये चार्जिंगला. मे महिन्यातल्या ४२-४३ अंशांच्या उन्हात बॅटरी सावलीत भरली पाहिजे. लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी उष्णतेला अधिक सोसते, म्हणून जड वाहनांत तीच बरी. २०२२ साली विजेच्या दुचाकींना आगी लागल्यावर देशातले बॅटरी चाचणीचे नियम कडक झाले.

विजेच्या ट्रॅक्टरला या जिल्ह्यात सर्वांत सोपे काम मला हळदीत दिसते. माघ-फाल्गुनात काढणी झाली की हळद शिजवायची, वाळवायची आणि ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायची. पॉलिशचा ड्रम तासन्‌तास फिरत राहतो आणि तो खळ्यावर, घराजवळ असतो. तिथे प्लग हाताशी आहे, ट्रॅक्टरला हलायचे नाही, धूर आणि आवाज नको आहे. वाळलेला माल हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटला किंवा वसमतच्या मोंढ्यावर न्यायचा, तोही ठरलेला, मोजता येणारा रस्ता.

महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात शेतीच्या वाहनांच्या सवलतीचाही विचार झाला आहे. पण सवलत पाहून ट्रॅक्टर घेणाऱ्यापेक्षा शेजाऱ्याच्या रानात तो चालताना पाहून घेणारा जास्त भेटतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीने पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली होती. कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, वसमतला हळद संशोधन केंद्र. म्हणून या दोन ठिकाणी एक हंगामभर डिझेलचा आणि विजेचा ट्रॅक्टर शेजारी-शेजारी चालवावा. नांगरट, रुंद वरंबा-सरीची पेरणी, कोळपणी आणि हळदीचे पॉलिश या प्रत्येक कामाला एकरी किती लिटर आणि एकरी किती युनिट लागले, सरी शंभर मीटरमध्ये किती वाकली, चाकाखालची माती किती दबली आणि वाफशाचे किती तास चार्जिंगमध्ये गेले, हे रोज फळ्यावर लिहावे. एकरी युनिटमध्ये मांडलेला आकडा गावातल्या कोणालाही आपल्या डिझेलच्या खर्चाशी ताडून पाहता येतो.